पालमच्या उन्हात ड्रायर

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पालममध्ये कपडे वाळवायला यंत्र आणणं म्हणजे गोदावरीच्या काठावर बसून बाटलीतलं पाणी विकत घेण्यासारखं आहे. उन्हाळ्यात इथं एक धोतर दोरीवर टाकून दुसरं पिळायला घ्यावं, तोवर पहिलं पापडासारखं कडक झालेलं असतं. तरीही मागच्या वर्षी माझ्या मामांच्या घरी असं यंत्र आलं, आणि तेही जर्मनीत बनलेलं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही लहानपणापासून छाती फुगवून सांगत आलो. त्या दोघांची प्रत्यक्ष भेट मात्र मामांच्या न्हाणीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत झाली. मला हे कळलं तेव्हा मी फोनवर पोट धरून हसले. मामी हसली नाही. "ठेवते गं रंजनी, दूध उतू जायलंय," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

माझे मामा म्हणजे लिंगराजअप्पा. मेन रोडवर त्यांचं कापडाचं दुकान आहे. दुकान आता मुलगा मंगेश बघतो आणि तो दुकानाच्या वरच राहतो. मामा-मामी मागच्या गल्लीतल्या स्लॅबच्या घरात. पण पालममध्ये आजही ते 'अप्पांचं दुकान'च आहे, आणि अप्पांचं दुकान म्हटलं की लोकांना कापडाआधी आठवते ती गादी. भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर, रोज सकाळी बदललेली. चहाचा थेंब पडलेला चालायचा नाही. 'पाय धुऊन या, मग बसा,' असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा दुसरा दुकानदार मी तरी पाहिला नाही. माप चोख, कापड खात्रीचं, म्हणून लोक ऐकून घेत. स्वतः मामा तसेच. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीत लिंग. आम्ही लिंगायत. हे लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही, आणि सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट जात नाही. निदान मामांच्या तोंडात तरी जात नसे.

त्या गादीवरचा एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. मी सुट्टीत मामांकडे आले होते. जवळच्या खेड्यातली कडूबाई लग्नाचा बस्ता बांधायला आली होती, बरोबर नातू, नुकतं चालायला लागलेलं पोर. ते मातीच्या पायांनी गादीवर चढलं. मामा असे ओरडले की पंख्याखाली डुलक्या घेणारी माणसं दचकून जागी झाली. पोर जागच्या जागी थिजलं आणि तिथंच त्यानं चादर ओली केली. "धू ही चादर. आत्ताच्या आत्ता, इथंच," मामा म्हणाले. कडूबाईनं दुकानासमोरच्या नळावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ती चादर धुतली. पोर तिच्या लुगड्याला धरून हुंदके देत होतं. बस्ता न बांधताच ती निघून गेली. मामांनी दुसरी चादर अंथरली आणि गज हातात घेतला.

आता मामांचं पुढचं सांगते. लघवीच्या गाठीचं त्यांचं ऑपरेशन नांदेडला झालं. गाठ निघाली, जिवावरचं टळलं, सगळे खुश. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवस ताबा राहणार नाही, कुणाला लवकर येतो, कुणाला वेळ लागतो, एक व्यायाम आहे तो करा आणि दाखवायला या. मामा दाखवायला गेलेच नाहीत. दाखवायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे काय, तर लिंगराजअप्पा रात्री चादर ओली करतात? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांचं गणित. आमच्याकडच्या पुरुषांना जीव गेला तरी चालतो, अब्रू जायला नको.

मग मामांचं जग आकसत गेलं. गादीवर बसणं सुटलं; दुकानाच्या दाराशी त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि 'गुडघे धरलेत' असं सांगू लागले. मंगेश बिचारा कुठून कुठून तेलं आणायचा, आणि मामा धडधाकट गुडघ्यांना ती चोळत बसायचे. लग्नाकार्याला जाणं बंद. एसटीत बसणं तर सोडाच. त्यांचा बालमित्र बन्सीधर, स्टँडजवळ मोटारी आणि पंखे दुरुस्त करणारा, त्याच्याकडं रोज संध्याकाळी होणारी बैठकही बंद झाली. बाजारच्या दिवशी एकदा कडूबाई रस्त्यानं जाताना दिसली, तर मामा खुर्ची सोडून कापडाच्या गठ्ठ्यांमागं जाऊन उभे राहिले. तिनं दुकानाकडं पाहिलंही नव्हतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पूजा सुटली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मामीलाही नाही. ज्या अंगाखाली रात्री चादर भिजते, त्याच अंगानं सकाळी शिवाला हातावर कसं घ्यायचं, हे त्यांना कळेना. लिंग उतरवणं तर शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी त्याची दोरी आखूड करून घेतली, झोपेत ते खालच्या ओलीपासून लांब, गळ्याशीच राहावं म्हणून. सकाळी आंघोळ करून देवाच्या खोलीत जायचे, दार लावायचे, नुसते बसायचे आणि बाहेर यायचे. कपाळ कोरडं. मामीनं विचारलं तर म्हणायचे, "घामानं पुसलं गं."

चादरी मामी धुवायची. गल्ली जागी व्हायच्या आत. धुण्याचं यंत्र तिनं कधी घरात येऊ दिलं नाही. हातानं घासल्याशिवाय कपडा निघाला असं तिला वाटतच नाही. धुणं झालं तरी वाळवायचं कुठं? गच्ची सगळ्या गल्लीला दिसते. शेजारच्या चांगुणाबाईंची नजर म्हणजे घारीची. त्यांनी एकदा गच्चीवरूनच विचारलं, "सिद्धम्मा, रोज रोज चादरी कामून गं? पावणे आलेत का?" झालं. त्या दिवसापासून मामांनी चादरी गच्चीवर जाऊ दिल्या नाहीत. घरातच पंख्याखाली वाळायच्या, घराला दमट वास यायचा, आणि मामा तो वास मारायला ऊद जाळायचे. मामी खोकून हैराण व्हायची.

शेवटी मामीनं पुण्याला लेकीला, त्रिवेणीला, गुपचूप सांगितलं. त्रिवेणीनं आपल्या घरातलं यंत्र टेम्पोत घालून पाठवून दिलं आणि वडिलांना फोनवर म्हणाली, "आमच्या नव्या घरात जागा न्हाई हो बाबा, तुमच्याकडं राहू द्या." दुसरं काही असतं तर मामांनी दहा प्रश्न विचारले असते. हे त्यांनी विनाचौकशी ठेवून घेतलं, यातच सगळं आलं.

यंत्र मात्र त्यांच्या मनासारखं निघालं. अशा दुसऱ्या यंत्रांना वाफ बाहेर सोडायला भिंतीतून नळी काढावी लागते. याला तेही नको. ओल्या कपड्यांतली वाफ ते पोटातल्या पोटात गार करतं, तिचं पाणी करतं, आणि पंपानं वरच्या एका खणात चढवतं. खण ओढायचा, पाणी ओतून टाकायचं. "बाहेर वाफबी जात न्हाई," मामा मामीला म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. खणातलं ते पाणी मामी अंगणातल्या बेलाच्या रोपाला घालायची. मामांनी एकदा पाहिलं आणि ओरडले, "त्या चादरीचं पाणी बेलाला?" मामी म्हणाली, "पाणीच हाय की." आणि ती घालतच राहिली.

आवाजाचं काय? रोज सकाळी घुर्र घुर्र. चांगुणाबाईंनी विचारलंच. मामांनी ठोकून दिलं, "पाण्याची मोटर बसवलीय नवी."

असं बरेच महिने चाललं. आणि दसऱ्याच्या तोंडावर यंत्रानं दगा दिला. चादर घातली, बटण दाबलं, थोडा वेळ फिरलं, पीक पीक ओरडलं आणि बंद. तांबडा दिवा लागला, पाण्याचा खण भरल्याचा. मामांनी खण ओढला तर आत टिपूस नाही. पुन्हा लावला, पुन्हा पीक पीक. चादर बाहेर काढली तर गरम आणि ओलीच्या ओली, नुकती उकडून काढल्यासारखी. वेळही वाईट होती. गल्लीचा दसरा काढून झाला होता, सगळ्यांच्या गोधड्या-चादरी धुऊन, वाळून, घडी होऊन कपाटात गेल्या होत्या. आता मोकळ्या गच्च्यांवर एक चादर दिसली तरी ती कुणाची, हे कुणीही विचारलं असतं.

मामी म्हणाली, "बन्सीधर भावजींना बोलवा की."

"खुळी झालीस का? त्याच्याकडं सकाळी पंखा गेला तर दुपारपत्तूर पालमला कळतंय तो कुणाच्या खोलीतला."

मग त्यांनी यंत्राच्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात विचारू लागली, रोज वापरता का, किती वेळा, काय काय वाळवता. मामांनी फोन बंद केला आणि कान पुसले.

आता उरला मोबाइल. मंगेशच्या मुलीनं कधीतरी भजनं लावून द्यायला शिकवलं होतं, तेवढ्या विद्येवर मामांनी यंत्राचं चित्र शोधलं. एक गोरा माणूस आपल्या गॅरेजात बसून तसंच यंत्र खोलत होता. तो काय बोलतो ते मामांना ओ की ठो कळत नव्हतं. पण आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या तोंडापेक्षा हातांकडं बघून कुठलं कापड खपणार ते ओळखणारा माणूस. त्यांनी आवाज बंद केला आणि नुसते हात पाहिले.

पहिल्यांदा दारातली जाळी. ती मामी रोजच साफ करायची, तिच्यात काही नव्हतं. मग खालचं झाकण. ते उघडलं, दोन खुंट्या फिरवल्या, की आतून कंडेन्सर बाहेर येतो, पातळ पत्र्यांचा एक जाडजूड ठोकळा. गरम वाफ त्याच्यातच थंड होते. तो पत्र्यांच्या फटीपर्यंत कापसाच्या धुळीनं बुजला होता. मामांनी तो न्हाणीत नेऊन नळाखाली धरला. राखाडी पाणी निघत राहिलं. तिथला नळ ढिला, डुगडुगणारा. मामा प्लंबरच्या नावानं बोटं मोडत राहिले. हा नळ दर थोड्या दिवसांनी भिंतीतून हलायचा, त्यांनी तीन वेळा बसवून घेतला होता. "हरामाचं खातेत लेकाचे," म्हणत त्यांनी कंडेन्सर धुतला, निथळवला, जागेवर बसवला. मोठ्या आशेनं बटण दाबलं. थोडं फिरलं, पीक पीक, तांबडा दिवा.

मामा यंत्रासमोर पाटावर बसून राहिले. मामी सांगते, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. यंत्र बंद पडलं म्हणून कुणी इतकं खचतं का? पण त्यांच्या दृष्टीनं ते यंत्र नव्हतंच, घराचं दार होतं, आणि ते सताड उघडं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, गल्ली आडवी झाल्यावर, त्यांनी पुन्हा हात घातला. या खेपेला मागून. आधी वायर काढली, यंत्र भिंतीपासून ओढलं, पंखा लावला, स्क्रू हरवू नयेत म्हणून वाटीत ठेवले. मागच्या बाजूला खाली पंप बसवलेला असतो. पाणी आधी तिथल्या एका खळग्यात साठतं, तिथून पंप ते वर चढवतो. खळग्यात टाकीतल्या बॉलकॉकसारखा एक छोटा तरंगणारा तुकडा असतो, फ्लोट. पाणी फार वाढलं की तो वर येतो आणि यंत्राला सांगतो, भरलं, थांब. गोऱ्या माणसाच्या हातांनी हे सगळं दाखवलं होतं. मामांनी पंपाचा पहिला स्क्रू सैल केला, आणि बाहेरून हाक आली.

"लिंगराज! ए लिंगराज!"

बन्सीधर. हत्यारांची पिशवी घेऊन. चांगुणाबाईंनी त्याला निरोप धाडला होता की अप्पांची मोटर बंद पडलेली दिसते, दोन दिवस आवाज नाही, जरा बघा. शेजारधर्म! मामांचं खोटं त्यांच्याच दारात येऊन उभं राहिलं.

खोलीचं दार उघडं, यंत्राचं पोट उघडं, टबात सकाळपासून भिजत पडलेली चादर. मामा यंत्रामागं सरकले आणि उकिडवे बसले. पांढऱ्या धोतराला धूळ लागत होती, त्याची शुद्ध नव्हती. मामी दारात आडवी उभी राहिली.

"हे झोपलेत भावजी. मोटर चालू हाय."

"झोपलाय? लिंगराज दुपारचा झोपायलाय?" बन्सीधर आत यायला निघाला होता, तो थांबला. "वैनी, खरं सांगा. बरा हाय ना त्यो? लय दिवस झाले, माझ्याकडं फिरकला न्हाई. दुकानावर गेलो तर मान फिरवतो. माझं काय चुकलं का?"

"तुमचं काय चुकलं न्हाई वो."

"मग? सांगा ना त्याला. चुकलं आसंल तर माफी मागतो म्हणावं. आता ह्या वयात कुणाशी बोलावं माणसानं?"

तो ओट्यावर घुटमळला. तांब्याभर पाणी मागितलं, प्यायला, पुन्हा एकदा आत नजर टाकली. यंत्रामागं मामांनी श्वास रोखून धरला होता. आणि त्या भीतीत, त्या अवघडलेल्या बैठकीत, व्हायचं तेच झालं. दिवसाउजेडी. धोतर भिजलं, फरशीवर ओघळ आला. मामांनी डोळे मिटले. डोळ्यांपुढं कडूबाईचा नातू उभा राहिला. इतकी वर्षं मामा समजत होते की पोरानं चादर ओली केली म्हणून ते ओरडले. खरा क्रम त्यांना तिथं आठवला. आधी ते ओरडले होते.

बन्सीधर गेला. मामांनी मामीकडं पाहिलं नाही. धोतर बदललं, भिजलेलं न्हाणीत नेऊन बादलीत टाकलं, फरशी मात्र स्वतः पुसली, आणि परत येऊन त्याच जागी बसले. राग आला की मामांचं काम चांगलं होतं. त्या दिवशी राग स्वतःवरच होता. पंपाचे स्क्रू काढले, क्लिप दाबली, पंप हातात आला.

खळग्यात चिखल होता. राखाडी, बुळबुळीत, जाड. फ्लोट त्याच्यात वरच्या वर रुतून बसलेला, म्हणून यंत्राला कायम वाटत होतं की पाणी भरलं. मामांनी बोटं घातली. कापसाची धूळ त्यांना अंधारातही ओळखू येते. सुती, टेरिकॉट, खादी, नुसत्या चिमटीत सांगतील. पण हे निव्वळ कापडाचं नव्हतं. धुळीबरोबर काहीतरी बारीक, पिठासारखं होतं, ओलं झाल्यावर चिकटलेलं. त्यांना उलगडा होईना. त्यांनी चिखल बोटांनी खरवडून काढला, फ्लोट पाण्यात धुतला, वर-खाली हलवून पाहिला, सुटा झाला होता. नळी तोंडात धरून फुंकली, तीही मोकळी केली. घाम डोळ्यांत उतरायला लागला, तो तसाच चिखलाच्या हातानं पुसला. पंख्याची हवा लागत होती.

मामी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. कप तिनं खाली ठेवला. हात जोडले.

"शिवा शिवा. लावलीत? आज लावलीत?"

"काय?"

"विभूती."

मामांनी कपाळाला हात लावला. घाम पुसताना कपाळावर ओढल्या गेलेल्या तीन बोटांच्या रेघा वाळून पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी बोटं नाकाशी नेली. शेणीच्या राखेचा तो वास त्यांनी जन्मभर रोज सकाळी घेतलेला होता. मघापासून येत असणार, पण मनच ठिकाणावर नव्हतं.

"सिद्धे, ह्या मशीनमधी विभूती कशी आली?"

मामीचे जोडलेले हात खाली आले. तिला कळलं की आपण फुकटच हरखलो. "मीच टाकते," ती म्हणाली. "वल्या चादरीत. रोज चिमूटभर."

मामांना वाटलं, आता आणखी काय बाकी राहिलं? हीसुद्धा आपल्याला ओवाळून टाकलेलाच समजते, आपली चादर शुद्ध करून घेते. त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "एवढा विटाळ वाटायलाय का माझा तुला?"

लग्न झाल्यापासून मामीनं मामांसमोर आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. त्या दिवशी चांगुणाबाईंनी ऐकला असेल.

"विटाळ? मला वाटायलाय का तुमाला? तुमी रोज दार लावून बसता. तुमचा विभूतीचा गोळा ताटलीत हुता तसाच पडून. तुमच्या बोटानं त्याची कड बी झिजंना. मला काय दिसत न्हाई व्हय? तुमी कपाळाला लावंना झालात, म्हून मी चादरीला लावायले. म्हनलं, झोपेत तरी तुमच्या अंगाला लागंल."

मामांनी पंप बाजूला ठेवला. मामी पुढं बोलतच राहिली.

"मी लग्न करून आले, त्या पहिल्या म्हैन्याला कोपऱ्यात जाऊन बसले हुते. शेजारणींचं बघून माहेरी आमी तसं पाळत हुतो. तुमी आलात, हाताला धरून उठवलं, पूजेला बसवलं. काय म्हणले हुते तवा?"

मामांना शब्द न् शब्द आठवत होता.

"ज्याच्या अंगावर लिंग हाय, त्याला विटाळ न्हाई म्हणले. आपल्यात मयताचं सुतक न्हाई, बाळंतिणीचं न्हाई, बाईच्या चार दिवसांचं न्हाई. त्या दिवसापासून मी एक पूजा चुकवली न्हाई. खरं हुतं का खोटं, तुमी सांगितलेलं?"

"खरं हुतं."

"मग ते काय बायकापुरतंच हुतं का?"

मामी आत निघून गेली. मामांनी पंप जागेवर बसवला, स्क्रू आवळले, खळग्यात तांब्याभर पाणी ओतलं, वायर लावून बटण दाबलं. फ्लोट वर आला, पंप घरघरला, पाणी वरच्या खणात येऊन पडलं. तांबडा दिवा विझला. त्यांनी दुरुस्ती केली होती, एकट्यानं, कुणाला न कळता, आणि त्यांना काडीचाही आनंद झाला नाही.

ते हातपाय धुऊन देवाच्या खोलीत गेले. दार लावलं नाही. विभूतीचा गोळा पाहिला. एका बाजूनं तो चांगलाच खरवडलेला होता, मामीच्या नखांनी. लिंग तळहातावर घेतलं, पण बोटं कपाळापर्यंत जाईनात. त्यांनी हाक मारली, "सिद्धे, तू लाव."

न्हाणीतून उत्तर आलं, "माझे हात साबणात हायत. तुमचे तुमी लावा."

त्यांनी लावली. मग न्हाणीतून चादर आपटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर एक वेगळाच, कुरकुरल्यासारखा. मामा उठून दाराशी गेले. इतक्या महिन्यांत चादर धुतली जात असताना ते तिकडं एकदाही फिरकले नव्हते, लाज वाटायची. मामीनं ओली चादर नळाला अडकवली होती, दोन्ही टोकं एकत्र धरली होती, आणि पाय भिंतीला टेकवून, दम खात, ती एकटीच पीळ घालत होती. नळ भिंतीतून हलत होता.

मामांनी एवढी वर्षं कापड विकलं. मोठी चादर पिळायला दोन माणसं लागतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या मामांवर माझा जीव आहे, पण इथं मला त्यांचा रागच येतो. यंत्राच्या पोटातला चिखल त्यांनी बोटांनी काढला, गोऱ्या माणसाचे हात दोन दिवस पाहिले. हे हात पाहिले नाहीत. मामा आत गेले, चादर नळावरून सोडवली आणि एक टोक हातात घेतलं. मामीनं दुसरं धरलं. भरपूर पाणी निघालं.

यंत्र दुरुस्त झालं होतं, त्याचं दार उघडून ठेवलेलं होतं. मामांनी चादरीची बादली उचलली आणि जिन्याकडं वळले. वर ऊन रणरणत होतं. ते दोरीवर चादर टाकायला लागले, आणि चांगुणाबाई वाळवण गोळा करता करता तिथंच थबकल्या.

"आप्पा? तुमी? चादर कुणाची ही?"

"माझी हाय," मामा म्हणाले. "रोज माझीच असती."

खाली उतरताना पायऱ्या दिसत नव्हत्या, कान तापून निघाले होते, असं त्यांनी मला दिवाळीत सांगितलं. तोवर ते बन्सीधरकडं जाऊन आले होते, त्याच्याच बरोबर एसटीनं नांदेडला दाखवूनही आले होते. गादीवर अजून बसत नाहीत. कडूबाईकडं अजून गेलेले नाहीत. ते राहिलंय, असं स्वतःच म्हणाले. मी विचारलं, "मग लाज गेली का मामा?" तर मान हलवून म्हणाले, "न्हाई गं. ती कुठं जातीय."

मी त्यांच्या न्हाणीत हातपाय धुवायला गेले. नळ घट्ट होता. मामी म्हणाली, दसऱ्याला बसवून घेतला तेव्हापासून तो एकदाही ढिला झाला नाही.